हत्तीवरचा सिंह, साखळीतला घोडा

इंग्लंडच्या राजाचे सिंह आपल्याला क्रिकेटच्या टोपीवरून पाठ आहेत. पण पूर्व विदर्भातल्या दगडी वेशीवरचा सिंह पाहिलाय कधी? दिघोरी ते चांदा, राजचिन्हांच्या मागावरची एक वीकएण्ड ट्रिप.

आयकार्डवर लोगो, कॉफीच्या मगवर लोगो, दिवाळीत मिळणाऱ्या ड्रायफ्रूटच्या डब्यावरही लोगो. कंपनी विकली गेली की एका सोमवारी रिसेप्शनमागची भिंत बदललेली असते. एचआरचा मेल यायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं की आता वर कोण आणि खाली कोण. हा फंडा राजेमहाराजांना आपल्या कितीतरी आधी कळला होता. फक्त त्यांच्या लोगोंना नखं आणि सुळे असायचे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो दिघोरीत. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातलं हे गाव, सरकारी कागदांवर दिघोरी (मोठी). साकोलीहून लाखांदूरकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधूनच एखादा तलाव लागतो. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. एसटी थांबली, मी चहासाठी उतरले, तर टपरीसमोर एक मोटरसायकल उभी. टाकीवर मोठं स्टिकर होतं. खाली हत्ती, त्याच्यावर चढलेला सिंह. गाडीवाल्या पोराच्या अंगात आठवडी बाजारातला चेल्सीचा निळा टी-शर्ट. त्याच्या छातीवरही सिंहच, मागे वळून बघणारा, पंजात काठी धरलेला.

"हा कोणत्या टीमचा?" मी टाकीकडे बोट दाखवून विचारलं.

"टीमचा नाही जी ताई, आमच्या राजाचा हाये," तो हसला. "चांद्याले जासान त दरवाज्यावर पाहाजा."

आता एवढं सांगितल्यावर कोण थांबणार? दोन सिंह एकाच मोटरसायकलवर. एक चार हजार मैलांवरून आलेला, दुसरा शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा. आधी लांबच्याचा हिशेब करू.

साहेबाचं प्राणिसंग्रहालय

चेल्सीचा सिंह मूळचा अर्ल कॅडोगन या उमरावाच्या घराण्याचा. पण इंग्लंडमधल्या कुठल्याही सिंहाची खरी वट राजाच्या ढालीवर. तिथले तीन सिंह बाराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या रिचर्डच्या शिक्क्यावर पक्के झाले, आणि तेच फिरत फिरत फुटबॉलच्या जर्सीवर आणि क्रिकेटच्या टोपीवर आले. गंमत म्हणजे इंग्लंडच्या जंगलात तेव्हा सिंह नावालाही नव्हता.

ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन प्राणी उभे असतात. डावीकडे मुकुट घातलेला सिंह, उजवीकडे एकशिंगी घोडा, म्हणजे युनिकॉर्न. ही जोडी १६०३ सालची. पहिली एलिझाबेथ वारली, स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला आणि येताना स्कॉटलंडचा एकशिंगी घेऊन आला. त्याआधी त्या जागी वेल्सचा लाल ड्रॅगन होता. नवा सीईओ आला आणि जुन्या टीममधला ड्रॅगन बेंचवर गेला, इतकं सरळ. एकशिंगीच्या गळ्यातली सोन्याची साखळी नीट बघा. इंग्लंडने स्कॉटलंडला बांधल्याची ही खूण, असं अनेकांना वाटतं. पण स्कॉटलंडच्या स्वतःच्या चिन्हातही तो साखळीतच होता. कुणाला न आवरणारा प्राणी आमच्या राजाच्या दारात बांधलेला आहे, असा त्याचा अर्थ लावतात.

ढालचिन्ह राजाचं स्वतःचं. ते दुसऱ्या कुणी मिरवायचं नाही. नोकर, शिपाई, समर्थक यांच्यासाठी वेगळी खूण असायची, बिल्ला. आपल्याकडे हा प्रकार शब्दात जिवंत आहे. पितळी चपरास लावतो तो चपराशी. म्हणजे आपलं आयकार्डच हो! तिसऱ्या रिचर्डचा बिल्ला होता पांढरं रानडुक्कर. १४८३ साली त्याने मुलाच्या समारंभासाठी रानडुकराचे १३,००० कापडी बिल्ले मागवले होते. दोन वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला. मग रातोरात खानावळींच्या पाट्यांवरची पांढरी डुकरं निळी रंगवली गेली, असं सांगतात, कारण निळं रानडुक्कर जिंकलेल्या बाजूच्या एका उमरावाचं होतं. त्या रणभूमीच्या परिसरात २००९ साली रानडुकराचा चांदीचा एक छोटा बिल्ला सापडला आणि लढाई नेमकी कुठे झाली हे ठरवायला त्याची मदत झाली. सव्वापाचशे वर्षांनी आयकार्डने हजेरी दिली!

जिंकणाऱ्या सातव्या हेन्रीने त्याहून हुशारी केली. लँकेस्टर घराण्याशी जोडलेला लाल गुलाब आणि बायकोच्या यॉर्क घराण्याचा पांढरा गुलाब एकात एक बसवून ट्यूडर गुलाब तयार केला. मर्जर झाल्यावर दोन्ही कंपन्यांचे रंग घेऊन केलेला लोगो. प्रत्येक पिढीने असे काही प्राणी, काही फुलं जमवत नेली. दुसऱ्या एलिझाबेथच्या १९५३ सालच्या राज्याभिषेकाला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारात दहा प्राणी रांगेत उभे होते. सिंह, एकशिंगी आणि ड्रॅगनच्या जोडीला ग्रिफिन, बहिरी ससाणा, काळा बैल, शिकारी कुत्रा, हॅनोव्हरचा पांढरा घोडा वगैरे. जेम्स वुडफर्ड या शिल्पकाराने ते घडवले होते. त्यांच्या दगडी प्रतिकृती लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये आहेत. ऑनसाइटला गेलात तर सेल्फी काढून या.

एक गोष्ट मात्र या सगळ्या थाटात कुठेच सापडत नाही. ज्या भारताला मुकुटातलं रत्न म्हणून मिरवलं, त्याला राजाच्या ढालीवर कधीच जागा मिळाली नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, बस. भारताला दाराबाहेर उभं राहायला मिळालं. ते कुठे, हे मुंबईकर रोज लोकल पकडताना बघतात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात नाव मिळालेल्या व्हीटीच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या फाटकावर दोन खांब आहेत. एकावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. दोघं एकाच उंचीवर बसलेत. इमारत कुणाच्या नावाची होती, हे मात्र विसरायचं नाही.

झाडीपट्टीतून चांद्याकडे

दिघोरीहून लाखांदूर, तिथून वडसा. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. दिवाळीनंतर इथल्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात आणि रात्र रात्र प्रयोग रंगतात. वडशाहून मी रेल्वे पकडली. गोंदियाहून बल्लारशाहला जाणारी ही लाइन एकेकाळी नॅरोगेज होती. गाडी वैनगंगा ओलांडते, मग ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. खिडकीबाहेर धानाची शेतं संपून साग सुरू होतो. शेवटी उतरायच्या स्टेशनचं नावच आहे चांदा फोर्ट. चंद्रपूर हे नाव अधिकृत झालं तरी दिघोरीच्या पोरासाठी आणि रेल्वेसाठी ते अजून चांदाच.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. त्यांचं राज्य किती नावाजलेलं होतं, याचा अंदाज यावा म्हणून एवढंच सांगते की अकबराच्या दरबारातल्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याच्या गोंड राजाची आणि जवळच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. शहराभोवतीचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा. चार दरवाजे आहेत, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. त्यातल्या एकीचं नाव चोरखिडकी आणि एकीचं मसाणखिडकी. नावं ठेवणाऱ्याला मानलं!

या परकोटाची दंतकथाही प्राण्याचीच. खांडक्या बल्लाळशाह राजा शिकारीला गेला. बघतो तर काय, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलाय. कुत्रा पुढे, ससा मागे! राजाने राणीला हे सांगितलं. ती म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो त्या मातीत काहीतरी आहे, तिथेच तट बांधा. ससा धावला त्या वाटेवर परकोटाची रेघ आखली गेली म्हणतात. सशाच्या कपाळावरच्या चंद्रावरून गावाचं नाव चांदा, हेही त्याच गोष्टीत येतं.

दरवाज्यावर मात्र ससा नाही. जटपुरा गेटसमोर उभी राहिले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दगडी कमानीतून ऑटो, स्कूटी, शाळेच्या व्हॅन एकामागोमाग घुसत होत्या. शहरातला सगळ्यात वाईट ट्रॅफिक जॅम इथेच होतो. हॉर्नच्या त्या गोंगाटात मान वर केली आणि तो दिसला. स्टिकरवरचाच सिंह, दगडातला. पायाखाली हत्ती. हे चांद्याच्या गोंड राजांचं राजचिन्ह. गोंड समाजात त्याला गजसोडूम म्हणतात.

इथून ताडोबा हाकेच्या अंतरावर. तिथल्या वाघांना बघायला जगभरातून लोक जिप्सीत बसतात. पण वाघांच्या या मुलखात राजाने दारावर बसवला तो सिंह. इंग्लंडच्या राजानेही तेच केलं होतं, नाही का? जो रानात रोज दिसतो त्याला लोक ओळखून असतात, त्याच्या खोड्या सांगतात. न पाहिलेल्या प्राण्याची जरब वेगळी. आणि हत्ती म्हणजे तेव्हाची सगळ्यात मोठी ताकद, सैन्याची आणि श्रीमंतीची. त्याच्यावर उभा राहणारा कोण, ते दरवाज्यातून आत येणाऱ्या प्रत्येक परक्याने बघून घ्यावं. आकाराने मोठं कुणीही असो, या वेशीच्या आत कुणाचं चालतं ते इथे लिहिलंय.

असं लिहिणारे गोंड राजे एकटे नव्हते. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरचा प्राणी तर अनेक हत्तींना एकदम पकडून उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच माणिकगडाच्या दारावर नाग कोरलाय, कारण तो गड गोंडांच्या आधीच्या नागवंशी राजांचा मानतात. उलट शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत प्राणी नाही, संस्कृत अक्षरं आहेत. ज्याचा त्याचा ब्रँडिंगचा विचार.

अकरा दिवस

परकोटाच्या आत चांद्याचा जुना तुरुंग आहे. १८५८ साली मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. जंगलातल्या माणसांची फौज जमवून त्याने काही महिने इंग्रजांना जेरीला आणलं. शेवटी पकडला गेला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला याच तुरुंगात फाशी दिलं गेलं. वय पंचविशीचं. आपल्यापैकी बहुतेकांचं त्या वयात पहिलं अप्रेझल झालेलं असतं.

त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला अलाहाबादला राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, व्हिक्टोरियाचं सुरू झालं. कचेऱ्यांवर, कोर्टांवर, कागदांच्या डोक्यावर सिंह आणि एकशिंगी येऊन बसले. गोंडांचं राज्य त्याआधी शतकभर भोसल्यांकडे गेलं होतं, आणि १८१८ साली चांद्याचा किल्लाही इंग्रजांनी तोफा लावून घेतला होता. चिन्ह मात्र दगडात होतं. त्याला हलवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

साहेबाला प्राण्यांची ताकद पुरेपूर माहीत होती. १ जानेवारी १८७७ला दिल्लीत व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण भेट दिलं. प्रत्येकावर युरोपियन पद्धतीचं ढालचिन्ह. डिझाइन केलं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका सनदी अधिकाऱ्याने, आणि मदतीला होते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवून गेलेले लॉकवुड किपलिंग. ज्यांची स्वतःची निशाणं पिढ्यान्‌पिढ्या फडकत होती, त्यांना सरकारकडून नवीन लोगो मिळाला. दांडा इतका जड की धरून उभं राहणं मुश्कील. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. नाव अर्थातच एम्प्रेस मिल. गिरणी कधीच बंद पडली. त्या जागेवर पुढे मॉल आला, तोही एम्प्रेस याच नावाचा. सम्राज्ञीचं राहिलं ते एवढंच.

हत्तीचं झालं डुक्कर

पण प्राणी कधीकधी राजाचंच ऐकत नाहीत. १९११ साली पाचव्या जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर सन्मानाची माळ, आणि माळेत भारताची आठवण म्हणून एक छोटासा हत्ती. टाकसाळीतल्या कारागिराने सोंड इतकी आखूड काढली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांना डुक्कर निषिद्ध. बोंबाबोंब झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२च्या रुपयात सोंड लांब केली. नाणी जमवणारे आजही त्याला 'पिग रुपी' म्हणून शोधत असतात. बादशहाच्या अंगावर हत्ती कसा दिसावा, हे शेवटी बाजारातल्या गिऱ्हाइकाने ठरवलं!

राजाच्या नावाचा शेवटचा रुपया १९४७चा. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ. व्हीटीच्या फाटकावर बसलेला वाघ जाता जाता नाण्यावर येऊन गेला म्हणायचा. १९५०च्या जानेवारीत अशोकाचे सारनाथचे सिंह आपलं राजचिन्ह झाले. त्यांच्या पायाखाली आडव्या पट्टीवर घोडा आणि बैल दिसतात. तिथे कुणी कुणाच्या उरावर बसलेलं नाही. पासपोर्ट काढाल तेव्हा जरा निरखून बघा.

मान वर करून

चंद्रपुरात परकोट बघायचा तर पायी फिरावं. कुठे बुरूज धड आहेत, कुठे भिंतीला लागून घरं आहेत. बरीच वर्षं तटावर झाडंझुडपं आणि कचरा माजला होता. २०१७ साली इको-प्रो या शहरातल्याच संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडी घेतली आणि रोज सकाळी परकोट साफ करायला सुरुवात केली. काम महिनोन्‌महिने चाललं. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख आला. पुढे तटावरून हेरिटेज वॉक सुरू झाले. नोकरीधंदा सांभाळून पहाटे येणारी ती पोरं आपल्याच वयाची होती.

गोंड राजांचं राज्य गेलं त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली. ना दरबार, ना फौज, ना टाकसाळ. तरीही त्यांचा सिंह मोटरसायकलच्या टाकीवर आहे, आणि तो लावायला कुणी सांगितलेलं नाही. रिचर्डच्या तेरा हजार बिल्ल्यांमागे राजाची ऑर्डर होती. इथे पोराने वीस-तीस रुपये स्वतःच्या खिशातले घातले. टेकाम, मरकाम ही आडनावं तुमच्या ऑफिसातही असतील. गोंडीत टेका म्हणजे साग, मरका म्हणजे आंबा. म्हणजे राजाचा सिंह होता तशी कुळाकुळाची झाडंही होती, आणि ती आजही बँकेच्या पासबुकावर छापून येतात. ज्यांना आपण फॉर्मवरच्या एका रकान्यात बसवतो, त्यांच्याकडे इतका जुना आणि इतका वापरातला वारसा आहे. आपल्याला चेल्सीच्या सिंहाची कुंडली पाठ आणि आपल्याच राज्यातल्या वेशीवरचा सिंह अनोळखी, हे काही बरोबर नाही.

आणि खालच्या हत्तीचं काय? तो परत आलाय. २०२१ साली छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि २०२२मध्ये भंडारा जिल्ह्यातही येऊन गेला. धानाच्या बांध्या तुडवत, वनखात्याला रात्ररात्र जागवत. त्यांच्यावर बसायला सिंह कुठून आणायचा?

जायचंय?

कसं जाल: नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली असा हायवे. साकोलीहून लाखांदूरची एसटी, वाटेत दिघोरी. पुढे वडसा आणि तिथून रेल्वेने चांदा फोर्ट. या लाइनवर गाड्या मोजक्याच, वेळापत्रक आधी बघा. परतीला चंद्रपूर ते नागपूर रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर.

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा देशभर हेडलाइन होतो, तेव्हा हौस नको. हिवाळ्यात गेलात तर झाडीपट्टीचं एखादं नाटकही पदरात पडेल.

काय बघाल: चारही दरवाजे, अंचलेश्वराचं मंदिर, त्याच्या शेजारी राणी हिराईने नवऱ्यासाठी, म्हणजे बीरशाह राजासाठी बांधलेली देखणी समाधी, आणि महाकालीचं मंदिर. जटपुरा गेट सकाळी आठच्या आत गाठा, निवांत बघता येईल.

काय खाल: वाटेत कुठल्याही टपरीवर आलूबोंडा आणि वर तर्री. रुमाल जवळ ठेवा.